माळ्यावरचा पॅटर्न

बेळगावात टिळकवाडीचे तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडने पुढे गेले की उद्यमबाग लागते. तिथल्या एका फाउंड्रीच्या मागे पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये एक म्हातारा मिस्त्री लाकडाचे पॅटर्न करीत असे. पंपाची बॉडी असो, व्हॉल्व्ह असो की गिअरबॉक्सचे हाउसिंग असो, लोखंडात ओतायची प्रत्येक वस्तू आधी त्याच्या हातून सागवानात उतरायची. मग तो पॅटर्न वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागे उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे.

मिस्त्रीच्या हाताखाली एक मुलगा होता. आयटीआय करून नुकताच लागलेला. पहिल्याच दिवशी मिस्त्रीने त्याला माप घ्यायला स्टीलची पट्टी दिली. मुलाने ती आपल्या पट्टीला लावून पाहिली, तर मिस्त्रीची पट्टी किंचित लांब भरली.

“मामा, ही पट्टी चुकीची आहे.”

मिस्त्री हसला. “चुकीची न्हवं गा. लोखंड थंड होताना आकसतंय. मीटरला दहा मिलिमीटर. तेवढं आपण आधीच वाढवून धरायचं. ह्या पट्टीत ते वाढवूनच घेतलंय.”

मुलगा कामाला चांगला होता, पण त्याचा खरा जीव चित्रांत होता. सुट्टीच्या दिवशी तो सायकल काढायचा आणि जांबोटीच्या बाजूला जायचा. पावसाळ्यात तिकडचे डोंगर अर्धे धुक्यात असतात. तो एखाद्या बांधावर बसायचा आणि दिसेल ते रंगवायचा.

त्याचे एक चित्र फाउंड्रीच्या ऑफिसात लागले. मागे धुके, एका अंगाला झुकलेले झाड, खाली ओढा आणि लांबच्या पायवाटेवर डोईवर भारा घेतलेली एक बाई. बाईचा पदर लाल. बाकी सगळे चित्र करडे-हिरवे होते, त्यात तो एवढासा लाल ठिपका. येणारा-जाणारा आधी त्या ठिपक्याकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “वा!”

शेजारच्या मशीनशॉपवाल्याने तसेच एक मागितले. मग हायड्रॉलिकवाल्याने. खंडेनवमीला भेट द्यायला कुणाला चार हवी असायची, नव्या शेडच्या वास्तुशांतीला कुणाला एक. मागणी एकच असायची, “ते ऑफिसात लावलंय न्हवं, तसंच.” एकदा मुलाने झाड उजवीकडून डावीकडे नेले, तर गिऱ्हाइकाने चित्र परत पाठवले.

पैसा बरा येऊ लागला. घरावरची कौले बदलली. आईच्या पायाला बऱ्या चपला आल्या. काम वाढले तसे मुलाने दोन मित्र हाताशी घेतले. एकाच्या बहिणीचे लग्न ठरले होते, दुसऱ्याची नोकरी सुटली होती. ते आभाळ आणि डोंगर भरून द्यायचे, हा झाड आणि लाल पदर टाकायचा. पुढे पुढे ते पदरही टाकू लागले आणि हा नुसती सही करू लागला. मित्रांचे घर चालत होते. कुणाची तक्रार नव्हती.

एक दिवस तो पॅटर्न पोचवायला एका कारखान्यात गेला. ऑफिसात त्याचे चित्र होते. खाली त्याचीच सही होती. तो जवळ गेला, लांब झाला, पुन्हा जवळ गेला. ते आपण काढलेय की मित्राने, हे काही केल्या त्याला ओळखेना. झाडाची फांदी आपल्यासारखी वाटे, धुके मित्राचे वाटे, आणि थोड्या वेळाने उलटे वाटे. त्या दिवशी त्याने डबा न खाताच परत नेला.

संध्याकाळी तो वडगावात आपल्या जुन्या ड्रॉइंग सरांकडे गेला. सर निवृत्त झाले होते. घरात पुस्तके होती आणि बाहेर गल्लीत मागांची खडखड. बेळगावात चित्रकलेचे नाव निघाले की सर के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिराचे सांगायचे. रवी परांजपे याच गावात, कुलकर्णींच्या हाताखाली शिकले आणि पुढे देशभर नावाजले, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी मुलाचे सगळे ऐकून घेतले, उठले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले.

त्यांनी एक पान उघडले. तळ्याकाठी झुकलेले झाड, बुंध्याजवळ एक बाई आणि दोन मुले, पाण्यावर पांढुरके धुके.

“सर, हे तर माझंच!” मुलगा म्हणाला.

“तुझं कसं असेल? हे 1864 सालचं आहे. मोर्तफोंतेन नावाच्या गावची आठवण म्हणून काढलेलं. काढणाऱ्याचं नाव कामीय कोरो.”

मग सरांनी त्याला कोरोची गोष्ट सांगितली.

कोरो 1796 साली पॅरिसमध्ये जन्मला. आईचे बायकांच्या टोप्यांचे दुकान होते आणि ते चांगले चालायचे. बापाला वाटे, पोराने कापडधंद्यात यावे. पोराने कापडवाल्यांकडे नोकऱ्या केल्या, पण मन लागले नाही. सव्विसाव्या वर्षी त्याने बापाला सांगितले की मला चित्रेच काढायची आहेत. बापाने आदळआपट केली नाही. वर्षाला 1500 फ्रँक बांधून दिले आणि म्हणाला, काढ.

कोरो इटलीला गेला. उन्हातली पडकी देवळे, पूल, टेकड्या रंगवून परत आला. कितीतरी वर्षे त्याची चित्रे विकलीच जात नव्हती. तो रंगवतच राहिला. पुढे वय झाल्यावर दिवस पालटले. त्याची धुक्यातली झाडे आणि तळी लोकांना इतकी आवडली की ज्याला त्याला तसेच एक हवे झाले. त्या रुपेरी चित्रांत तोही कुठेतरी लाल रंगाचा ठिपका ठेवायचा, एखाद्या गुराख्याची टोपी वगैरे.

“लाल?” मुलाने विचारले.

“लाल,” सर म्हणाले. “तू एकटाच शहाणा नाहीस.”

कोरोने लग्न केले नाही. पैसा आला तसा वाटला. दोमिए नावाचा मोठा चित्रकार म्हातारपणी अधू नजरेचा आणि कफल्लक झाला, तेव्हा कोरोने त्याच्या डोक्यावर छप्पर राहील अशी व्यवस्था केली. मिले नावाचा दुसरा चित्रकार वारला, तेव्हा त्याच्या विधवेला 10,000 फ्रँक दिले आणि महिन्याभराने, 1875 च्या फेब्रुवारीत, स्वतःही गेला. गरीब चित्रकार त्याच्या चित्रांच्या नकला करायचे. एखादा अडलेला नक्कल घेऊन दारात आला, तर कोरो चित्रावर चार हात मारायचा आणि खाली स्वतःची सही करून द्यायचा. त्या माणसाची चूल पेटायची.

“तो त्यात चुकला, असं मी म्हणणार नाही,” सर म्हणाले. “पण झालं काय, त्याच्या मागं खऱ्या-खोट्याचा इतका घोळ झाला की लोक थट्टा करू लागले. कोरोनं आयुष्यभरात काढली त्याहून जास्त चित्रं म्हणे एकट्या अमेरिकेत आहेत.”

मुलाला हसू आले नाही.

सरांनी बरीच पाने उलटली आणि एका ठिकाणी थांबले. मुलाने पाहिले आणि नजर जमिनीकडे नेली. पांढऱ्या चादरीवर एक बाई पहुडली होती. अंगावर वस्त्र नव्हते. सरांनी पान मिटले नाही. ते उठून आत गेले आणि चहा टाकून येईपर्यंत पान तसेच उघडे राहिले.

सर परत आले तेव्हा मुलगा चित्र बघत होता. झाड नव्हते, तळे नव्हते, धुके नव्हते. लाल ठिपका तर नव्हताच. चादर आणि मागची बाजू नुसत्या दोन-चार फटकाऱ्यांत सोडून दिलेली. सगळा जीव त्या देहात होता. त्यात नटवेपणा काहीच नव्हता. एक बाई, तिचे वजन चादरीवर पडलेले.

“हिचं नाव मारिएत्ता,” सर म्हणाले. “1843 साली कोरो तिसऱ्यांदा इटलीला गेला, तेव्हा रोममध्ये कागदावर तेलरंगात काढली. पंचेचाळिशी उलटलेली त्याची. आता पॅरिसच्या पेती पॅले संग्रहालयात आहे.”

“कुणी काढायला सांगितली होती?”

“कुणी नाही. तेच सांगतोय. माणसांची चित्रं तो स्वतःसाठी काढायचा. पडलेली बाई, वाचणारी बाई, हातात वाद्य घेऊन गप्प बसलेली बाई. जिवंत होता तोवर त्यातलं एखाददुसरंच प्रदर्शनात गेलं असेल. बाकीची स्टुडिओत. लोक त्याला झाडांचा चित्रकार म्हणून ओळखायचे आणि तो ओळखू द्यायचा. 1909 साली पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात त्याच्या मनुष्याकृतींची वीसेक चित्रं एकत्र मांडली. कोरो जाऊन चौतीस वर्षं झाली होती. ती बघायला पिकासो, ब्राक असली नवीन पोरं आली आणि खिळून राहिली. त्यांच्या आधी देगा नावाच्या चित्रकारानंही सांगून ठेवलं होतं की मला ह्याच्या झाडांपेक्षा ह्याची माणसं मोठी वाटतात.”

सरांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हाती दिले. उपदेश केला नाही. सर तसे बोलघेवडे, पण त्या दिवशी एवढ्यावरच थांबले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीने ते पुस्तक पाहिले. मुलगा घाबरला. मिस्त्री माळकरी होता, दर आषाढीला पंढरपूरला जाणारा. मिस्त्रीने चष्मा लावला, हात पुसले आणि बोट कागदाला न टेकवता, वरूनच, कमरेपासून पायापर्यंत नेले.

“जोड कुठंच दिसत नाही बघ,” तो म्हणाला. “आतला कोपरा कुठं धारदार सोडलेला नाही. आपण पॅटर्नच्या कोपऱ्यात मेण भरून गोलाई काढतोय की, तसं. न्हायतर ओतीव तिथंच तडकतंय. कुणाचं काम हे?”

मुलाने सगळी गोष्ट सांगितली. ऑफिसात आपलेच चित्र ओळखता आले नाही, तेही सांगितले.

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने शिडी लावली आणि मुलाला माळ्यावर नेले. माळ्यावर पत्रा तापला होता. जुने पॅटर्न ओळीने ठेवले होते, काळा आणि लाल रंग दिलेले, अंगावर खडूने नंबर घातलेले. मिस्त्रीने कोपऱ्यातून एक पंपाची बॉडी ओढून काढली आणि फुंकर मारली.

“ह्याचे किती नग गेले असतील, मोजदाद नाही. पण खाली वाळूत रोज जातोय तो हा न्हवं. तो ॲल्युमिनियमचा. वाळूनं घासला, कोपरे बसले, की टाकायचा आणि ह्याच्यावरून दुसरा ओतायचा. हा मूळचा. ह्याला रोजच्या कामाला लावत नाहीत.”

मुलाने तो हातात घेतला. खालच्या पॅटर्नपेक्षा हा मोठा वाटला.

“मोठाच आहे. ह्याला आकस दोनदा धरावा लागतोय. एकदा ॲल्युमिनियमचा, एकदा लोखंडाचा. दोनदा आकसून पण शेवटचा नग मापात उतरला पायजे.” मिस्त्रीने पॅटर्न जागच्या जागी ठेवला. शिडीच्या तोंडाशी तो थांबला. “तुझं खाली वाळूत झिजालंय ते झिजू दे. पोटासाठी ते करायलाच पायजे. पण वर काय ठेवलायस काय?”

मुलगा उत्तर न देता खाली उतरला.

मुलाची आई पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात कोअर करायला जायची. ओतीव आतून पोकळ ठेवायचे असेल, तर त्या पोकळीएवढा वाळूचा गोळा आधी साच्यात करून घ्यावा लागतो. तोच कोअर. वाळू साच्यात ठोकून भरायची, तीत गॅस सोडायचा, वाळू दगडासारखी झाली की अलगद बाहेर काढायची. उद्यमबागेत हे काम बरेचदा बायकाच करतात. हात हलका लागतो, असे म्हणतात. मजुरीही हलकी असते, ते कुणी म्हणत नाही.

त्या आठवड्यात कारखान्याची भट्टी दुरुस्तीला निघाली आणि आईला दुपारची सुट्टी मिळाली. मुलगा घरी आला तेव्हा ती जमिनीवर वाकळ टाकून झोपली होती. एका कुशीवर, हात उशाला, पाय थोडे मुडपून. मुलगा दारातच थांबला. आईला दिवसा आडवी झालेली त्याने कधी पाहिली नव्हती. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसायची.

घरात कॅनव्हास होते, पण त्यांच्यावर आभाळ आधीच भरून ठेवलेले होते. त्याने ड्रॉइंगचा एक जुना कागद घेतला, उलटा केला आणि सुरुवात केली. पुढे काय येणार हे हाताला ठाऊक नव्हते, असे कैक महिन्यांत पहिल्यांदाच झाले. खांद्यावरून निघालेली रेष कमरेशी खाली बसत होती आणि पुन्हा वर चढत होती. लुगड्याच्या घड्या त्याने थोडक्यात उरकल्या. भिंत तर सोडूनच दिली. पायांपाशी मात्र तो बराच वेळ राहिला. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत काळी वाळू बसली होती. ती रोज धुऊनही निघत नसे.

आई जागी झाली. “काय करालास रे?”

“काही नाही.”

ती उठली, केस बांधत मागे येऊन उभी राहिली. बघितले. “टाचा एवढ्या फुटल्यात होय माझ्या?” म्हणाली. मग जरा वेळाने, “वाकळ तरी सरळ करायचीस. फाटकी बाजूच वर आलीया.”

तिने वाकळेची घडी घातली आणि चहा ठेवला. चहा पिता पिता तिने आणखी दोनदा त्या कागदाकडे पाहिले.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी एक कारखानदार चित्रे सांगायला स्वतः घरी आला. सोबत अळिपाकाचा पुडा आणला होता. माणूस मोकळ्या स्वभावाचा होता. त्याला भिंतीवरचा कागद दिसला. तो खुर्चीतून उठला आणि जवळ गेला. बराच वेळ तिथेच उभा राहिला.

“हे दे मला,” तो म्हणाला. “किती घेतोस? मागं एक डोंगर टाक, म्हणजे भरल्यासारखं दिसेल.”

“मालक, ते द्यायचं नाही. बाकी सांगाल ते करतो.”

“का गा? पैसे काढून ठेवतोय की.”

“ते विकायला नाही काढलं.”

मालक रागावला नाही. त्याने पुन्हा चित्राकडे पाहिले. “कोण ही?”

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. मालकाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे. मग जरा चाचरत म्हणाला, “बाई, तुम्ही आमच्याकडं कोअरला न्हवं?”

“होय की,” आई म्हणाली. “अकरा वर्षं झाली.”

मालकाने कप दोन्ही हातांनी घेतला. अकरा वर्षे महिन्याच्या महिन्याला त्याने तिच्या पगाराच्या कागदावर सही केली होती.

गोष्ट इथे थोडी थांबवून एवढेच म्हणायचे आहे. मागणीबरहुकूम केलेल्या कामात पाप नाही. कोरोने ते केले, त्यावर त्याचे आणि त्याच्याबरोबर दहा जणांचे पोट चालले. पण मागणाऱ्याला आधी ठाऊक असते तेवढेच तो मागतो. त्याने न पाहिलेले तो मागणार कसा? लाल पदराची बाई मालकाने हौसेने विकत घेतली होती. रोज त्याच्या फाटकातून आत येणारी बाई त्याला दिसली, ती कुणीच न सांगता काढलेल्या कागदावर.

मालक चहा संपवून उठला. दारापाशी जाऊन परत वळला, खिशातून पैसे काढले आणि मुलाच्या हातात आगाऊ रक्कम ठेवली.

“बरं, मग नेहमीचीच सहा कर. तीन बाय दोन. धुकं जरा जास्त असू दे.”

“करतो,” मुलगा म्हणाला. “दोन माझी असतील, चार मित्रांची. ज्यानं काढलं त्याची सही राहील. चालेल न्हवं?”

मालकाने क्षणभर विचार केला. “भाव तोच?”

“तोच.”

“मग चालतंय की,” मालक म्हणाला, आणि मुलाने वही उघडून ऑर्डर लिहून घेतली.